'सत्यघटनेवर आधारित' भूत : पडद्यावरची भीती आणि धम्माची दृष्टी



मागील पंधरवड्यात रविवारची बुद्धवंदना आटोपल्यावर एक माता आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला हाताशी धरून विहारातच थांबली. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, आठ दिवस झाले, ही एकटी झोपत नाही. रात्री मोरीपर्यंत जायचं तरी सोबत लागते. हिच्या चुलतभावानं मोबाईलवर भुताचा इंग्रजी सिनेमा दाखवला. सुरुवातीलाच लिहून आलं होतं म्हणे, की ही गोष्ट खरी घडलेली आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला काहीतरी बाधलंय, अमावास्येच्या आत दोरा बांधून आणा. आता तुम्हीच सांगा, काय करू?"

या घरात धम्मदीक्षा होऊन तीन वर्षे झाली. देव्हारा निघाला, त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आली. सासूबाईही दर रविवारी त्रिसरण-पंचशील म्हणतात. तरी एका सिनेमाने घरात दोऱ्याची गोष्ट पुन्हा निघाली. म्हणून या माउलीच्या प्रश्नालाच आम्ही या अंकाचा पाठ केला आहे. 'ही गोष्ट खरी आहे' असे पडद्यावर लिहून दाखविलेल्या भुतावर बौद्धाने विश्वास ठेवावा काय?

'सत्य' हा शब्द कोण लिहितो?

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. सिनेमाच्या आरंभी 'सत्यघटनेवर आधारित' ही अक्षरे सिनेमा काढणाराच लिहितो. आपल्या मालाची जाहिरात दुकानदाराने स्वतः करावी, तसाच हा प्रकार आहे. आपल्या देशात सिनेमाला सरकारी मंडळाचे प्रमाणपत्र लागते. पण ते प्रमाणपत्र सिनेमा कोणत्या वयाच्या माणसाने पाहावा एवढेच सांगते. गोष्ट खरी की खोटी, याचा निवाडा ते देत नाही. 'प्रमाणपत्र मिळाले म्हणजे खरे असणार' असे समजणारी भोळी माणसे आपल्या वस्तीतही आहेत. त्यांना हे समजावून सांगितले पाहिजे.

1999 साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा सिनेमा आला. तीन तरुण जंगलात चेटकिणीचा शोध घेण्यास गेले, ते नाहीसे झाले आणि त्यांनी टिपलेली फिल्म तेवढी सापडली, असे भासविले गेले. हरवलेल्या माणसांची पत्रके छापली गेली. पुष्कळ लोकांना ते सर्व खरे वाटले. प्रत्यक्षात ते तिघे नट होते आणि सिनेमा गाजत होता तेव्हा जिवंत होते. अगदी कमी खर्चात काढलेल्या त्या सिनेमाने प्रचंड पैसा मिळविला.

'अ‍ॅनाबेल' या 2014 सालच्या सिनेमातली बाहुली पाहूनच मुले घाबरतात. ज्या बाहुलीवरून ही गोष्ट रचली ती प्रत्यक्षात चिंध्यांची, लोकरीच्या केसांची, हसऱ्या तोंडाची साधी बाहुली आहे. ती दाखवून कोणी घाबरले नसते. म्हणून सिनेमावाल्यांनी विद्रूप चेहऱ्याची निराळी बाहुली तयार केली. सत्य जसेच्या तसे दाखविले तर भीती वाटत नाही, म्हणून ते बदलावे लागते. मग त्याला सत्य कसे म्हणावे?

अ‍ॅमिटीव्हिलचे घर

'खऱ्या' भुताच्या सिनेमांमध्ये ज्याचे नाव सर्वांत जास्त गाजले, त्याची हकीकत आता पाहू. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर अ‍ॅमिटीव्हिल नावाचे गाव आहे. तेथे 13 नोव्हेंबर 1974 रोजी रॉनल्ड डीफिओ नावाच्या 23 वर्षांच्या तरुणाने आपले आई-वडील, दोन भाऊ आणि दोन बहिणी यांना बंदुकीने ठार मारले. हे सत्य आहे. त्यावर खटला चालला, 1975 साली शिक्षा झाली आणि 2021 साली तो कैदेतच मेला.

डिसेंबर 1975 मध्ये ते घर लुट्झ नावाच्या कुटुंबाने 80 हजार डॉलरला विकत घेतले. 28 दिवसांनी हे कुटुंब घर सोडून गेले. घरात भुते आहेत, भिंतींतून चिकट द्रव गळतो, माशांचे थवे येतात, दारे उखडली जातात, असे ते सांगू लागले. 1977 साली जे अ‍ॅन्सन या लेखकाने त्यावर पुस्तक लिहिले आणि मुखपृष्ठावरच ती सत्यकथा असल्याचे छापले. 1979 साली सिनेमा निघाला. त्याने एकट्या अमेरिकेत 8 कोटी डॉलरपेक्षा अधिक धंदा केला.

पुढे तपास झाला तेव्हा काय आढळले? बर्फात सैतानाच्या खुरांचे ठसे उमटल्याचे पुस्तकात लिहिले होते. हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्या, तर त्या दिवशी तेथे तसा बर्फच पडलेला नव्हता. उखडली गेली म्हणून सांगितलेली दारे, कड्या-कोयंडे पुढच्या मालकांना जागच्या जागी, जुनेच, सापडले. आणि 1979 साली खुन्याचा वकील विल्यम वेबर याने उघड सांगितले की ही भुताची गोष्ट आपण व लुट्झ पती-पत्नी यांनी मिळून, दारूच्या बाटल्या रिचवीत रचली. त्या वकिलालाही आपल्या अशिलासाठी नवा खटला हवा होता. 'खून त्याने केला नाही, घरातल्या दुष्ट शक्तीने करविला' असे दाखविता आले असते तर त्याचे काम झाले असते. याच प्रकरणातून निघालेल्या एका दाव्यात न्यायाधीशांनीही पुस्तक बऱ्याच अंशी कल्पित दिसते, असे मत नोंदविले. लुट्झ पती-पत्नी मात्र आपला अनुभव मुळात खराच होता असे शेवटपर्यंत म्हणत राहिले, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

पण खरा साक्षीदार निराळाच आहे. 1977 साली ते घर दुसऱ्या एका कुटुंबाने घेतले. ते तेथे सुमारे दहा वर्षे राहिले. त्यांना भुताचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो भूत बघायला येणाऱ्या माणसांचा! रात्री-अपरात्री गाड्या थांबत, लोक अंगणात शिरत. शेवटी त्या घराचा नंबर बदलावा लागला.

यावरून काय बोध घ्यावयाचा? सहा माणसांचा खून ही खरी घटना होती. तिच्यावर भुताची गोष्ट चढविली, गोष्टीवर पुस्तक चढविले, पुस्तकावर सिनेमा चढविला. एका खऱ्या विटेवर खोट्याचे तीन मजले! आणि प्रेक्षक खालची वीट पाहून म्हणतो, "खून तर खरा झाला होता ना, मग भूतही खरे असेल." बांधवांनो, येथेच आपली फसगत होते. घटनेचा एक भाग खरा असला म्हणून तिच्याविषयी सांगितलेले सर्व काही खरे ठरत नाही.

दुसरी हकीकत : जिचा जीव गेला

पहिली हकीकत पैशाची झाली. दुसरी जिवाची आहे. ती प्रत्येक आई-बापाने लक्ष देऊन वाचावी.

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात अ‍ॅनेलिझे मिशेल नावाची मुलगी होती. जन्म 1952 चा. घर फार धार्मिक. 1968 साली, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, तिला पहिला झटका आला. डॉक्टरांनी फेफऱ्याचे, म्हणजे अपस्माराचे निदान केले. औषधे सुरू झाली. पुढे तिला आवाज ऐकू येऊ लागले, भेसूर चेहरे दिसू लागले, मन खचले. ती महाविद्यालयात शिकत होती. पण तिची व घरच्यांची समजूत अशी झाली की तिच्या अंगात सैतान शिरला आहे.

1975 साली तेथील बिशपने भूत काढण्याच्या विधीला परवानगी दिली. दोन धर्मगुरूंनी सुमारे दहा महिने हा विधी चालविला. एकंदर 67 वेळा तो झाला. मधल्या काळात वैद्यकीय उपचार सुटले, मुलीने अन्न सोडले. 1 जुलै 1976 रोजी ती मरण पावली. वय 23. वजन अवघे 30 किलोच्या आसपास. मृत्यूचे कारण काय निघाले? उपासमार आणि शरीरातील पाणी आटणे. 1978 साली न्यायालयाने तिचे आई-बाप आणि दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरविले व सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली.

आई-बापांचे मुलीवर प्रेम नव्हते काय? होते. धर्मगुरूंना तिला मारावयाचे होते काय? नव्हते. परंतु प्रेम असून डोळस विचार नसला तर काय घडते, याचा हा दाखला आहे. ही माणसे जंगलात राहणारी अडाणी नव्हती. विज्ञानात पुढारलेल्या देशात, मोठमोठ्या इस्पितळांच्या शेजारी हे घडले. अंधश्रद्धेला गोरा रंग आणि पाटलोण चालते, हे लक्षात ठेवावे.

या मुलीच्या मरणावरून 2005 साली 'द एक्सॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' हा सिनेमा निघाला. गोष्ट जर्मनीतून उचलून अमेरिकेत नेली, नाव बदलले, आणि 'औषध बरोबर की भूत काढणे बरोबर' हा प्रश्न अधांतरी ठेवला, कारण अधांतरी ठेवण्यातच थरार आहे. आम्ही मात्र तो अधांतरी ठेवू शकत नाही. ज्या घरात फेफऱ्याचे मूल आहे, त्या घरातल्या माणसांनी हा सिनेमा 'सत्यघटना' म्हणून पाहिला आणि गोळ्या बंद केल्या, तर त्याची किंमत कोण देणार? सिनेमावाला देणार नाही. ते मूल देईल.

मग लोकांना अनुभव येतात ते खोटे काय?

आमच्या सभांमध्ये हा प्रश्न नेहमी विचारला जातो. "गुरुजी, सिनेमा खोटा, मान्य. पण मी स्वतः अनुभवलं आहे त्याचं काय?" अशा माणसाला खोटारडा म्हणू नये. अनुभव खरा असू शकतो. चूक होते ती त्याचा अर्थ लावण्यात.

झोपेतून अर्धवट जाग येते, डोळे उघडतात, पण हात-पाय हलत नाहीत. छातीवर कोणी बसले आहे, खोलीत कोणी उभे आहे असे वाटते. ओरडावे तर आवाज फुटत नाही. आपल्याकडे लोक म्हणतात, 'भूत छातीवर बसले.' वैद्यकशास्त्राला हा प्रकार चांगला माहीत आहे. स्वप्न पडत असताना मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडतो, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातून उठून धावत नाही. कधी मन आधी जागे होते आणि शरीर मागे राहते. मग उघड्या डोळ्यांनी स्वप्न दिसते. अपुरी झोप, चिंता, उताणे झोपणे यांनी हे वाढते. थोड्या वेळाने ते आपोआप जाते, पण त्या अवधीत म्हटलेल्या मंत्राला श्रेय मिळते.

1921 साली अमेरिकेत डॉ. विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. जुन्या मोठ्या घरात ते राहावयास गेले. पावलांचे आवाज येऊ लागले, कोणी पाहत आहे असे वाटू लागले, डोकी दुखू लागली, कुंड्यांतील झाडेदेखील मरू लागली. तपासाअंती घर तापविण्याच्या भट्टीत बिघाड सापडला. तिचा विषारी वायू घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली, भुते गेली. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनी हे विसरू नये. हाच वायू माणसाला झोपेतच मारतो.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या व्हिक टँडी या अभियंत्याने 1998 साली आणखी एक प्रकार नोंदविला. प्रयोगशाळेत त्याला घाम फुटे, डोळ्याच्या कडेला राखी आकृती दिसे. त्याने पळ काढला नाही, शोध घेतला. नव्या पंख्यामुळे कानाला न ऐकू येणारा कंप उठत होता, सेकंदाला सुमारे 19 वेळा. पंखा बंद केला, आकृती गेली. सर्व ठिकाणी हेच कारण असेल असे नाही. पण ज्याने शोध घेतला त्यालाच कारण सापडले, आणि जो मांत्रिकाकडे गेला त्याला खर्च सापडला!

तथागतांनी भीतीला कसे तोंड दिले

भीती बुद्धालाही ठाऊक होती काय? होती. मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध स्वतःच्या साधनेच्या दिवसांतील हकीकत सांगतात. जी वने, जी झाडे, जी स्थाने लोक भयंकर मानीत, अंगावर काटा आणणारी मानीत, तेथेच ते मुद्दाम जात. तेही अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री. भीती म्हणतात ती काय आहे, हे एकदा पाहावे, हा हेतू.

रात्री काय होई? एखादे हरीण जवळून जाई. मोर झाडावरची काटकी खाली पाडी. वारा वाळक्या पानांत खसखस करी. आणि मनात येई, 'आली, ती भीती हीच!' मग सिद्धार्थाने काय केले? ते पळाले नाहीत, कोणाचा धावा केला नाही. चालताना भीती आली तर ते चालतच राहिले, उभे असताना आली तर उभेच राहिले, बसलेले असताना आली तर बसूनच राहिले. ज्या स्थितीत भीती आली त्याच स्थितीत राहून त्यांनी ती ओसरू दिली. तीच भीती, पुढे बुद्ध झालेल्या माणसाने, हरीण, मोर आणि वारा अशी वेगळी करून दाखविली.

बांधवांनो, अडीच हजार वर्षांपूर्वी एक माणूस अमावास्येच्या रात्री वनात बसून आवाजाचे कारण पाहतो, आणि आज विजेच्या दिव्याखाली बसून आपण दोरा शोधतो, हे आपल्याला शोभते काय?

कालामांना दिलेली कसोटी

केसपुत्त नगरीच्या कालामांनी भगवंतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक गुरू आपलेच मत खरे सांगतो व दुसऱ्याचे खोटे ठरवितो, मग आम्ही खरे कोणाचे मानावे? भगवंतांनी सांगितलेला आशय असा. केवळ कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा वाटतो म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणून मानू नका. जे मानल्याने लोभ, द्वेष आणि मोह वाढतो, स्वतःचे व दुसऱ्याचे अहित होते, ज्याची जाणते लोक निंदा करतात, ते सोडा. ज्याने हित होते, ते स्वीकारा.

हीच कसोटी भुताच्या सिनेमाला लावून पाहा. तो पाहून भूत खरे मानल्याने कोणाचे हित होते? मूल रात्री झोपत नाही. सून आजारी पडली तर 'तिला लागिर झाले' म्हणून तिला मारझोड होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईवर करणीचा आळ येतो आणि वस्तीत वैर पेटते. भगत-देवऋष्याचा खिसा भरतो. लोभ, द्वेष, मोह हे तिन्ही येथे हजर आहेत. मग निकाल काय लावावयाचा, हे सांगण्याची गरज राहत नाही.

भूत मागच्या दाराने काय आणते?

भूत म्हणजे काय, असे विचारले तर लोक सांगतात की मेलेल्याचा अतृप्त आत्मा. म्हणजे भूत मानावयाचे तर आधी आत्मा मानावा लागतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दैवी चमत्कारांवरील विश्वास आणि आत्म्यावरील विश्वास या दोन्ही गोष्टी धम्म नव्हेत, असे स्वतंत्र प्रकरणे करून सांगितले आहे. माणसाने बुद्धीच्या मार्गाने चालावे, सत्याच्या शोधासाठी मोकळे व्हावे, आणि शोधक वृत्तीलाच मारणाऱ्या अंधश्रद्धेचे मूळ उपटले जावे, हा त्यामागील हेतू त्यांनी दाखविला आहे.

आता आणखी एक पाऊल पुढे जाऊन पाहा. आत्मा अतृप्त असेल तर त्याला तृप्त करावे लागेल. त्यासाठी पिंड हवा, श्राद्ध हवे, विधी सांगणारा हवा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती उगीच दिलेली नाही. आपण पुढच्या दाराने भटजीला निरोप दिला आणि मागच्या दाराने भुताला घरात घेतले, तर भुताच्या मागोमाग भटजीही परत येतो. म्हणून भुतावरचा विश्वास ही क्षुल्लक गंमत नाही. ती दीक्षेच्या मुळावर येणारी गोष्ट आहे.

येथे काही वाचक शंका काढतील. पाली ग्रंथांत यक्ष आहेत, प्रेतांच्या कथा असलेले पेतवत्थु आहे, त्याचे काय? शंका योग्य आहे, ती दडपून ठेवू नये. ग्रंथ लिहिले गेले त्या काळच्या लोकांच्या समजुती ग्रंथांत उतरल्या आहेत. म्हणूनच बाबासाहेबांनी कसोटी दिली की, बुद्ध हे बुद्धिवादी होते, जे बुद्धीला व तर्काला धरून असेल तेच त्यांचे वचन समजावे, आणि माणसाच्या हिताशी ज्याचा संबंध नाही त्या चर्चेत ते पडले नाहीत. शिवाय त्या कथांतूनही काय मिळते ते पाहा. अट्ठकथेत अशी कथा आहे की वनात राहणारे भिक्खू तेथील वृक्षदेवतांना भिऊन परत आले, तेव्हा भगवंतांनी त्यांना मेत्त सुत्त शिकवून त्याच वनात परत पाठविले. गंडा नाही, दोरा नाही, कोंबडे नाही. दिली ती मैत्री. कथा अक्षरशः मानू नका, पण तिचा रोख ओळखा. भीतीवर उतारा मैत्रीचा आहे.

आपल्या पूर्वजांची रात्र

आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर ठेवले. गावात मयत झाले की त्याची बातमी परगावच्या सोयऱ्यांना पोचविण्याचे काम महाराच्या माथी होते. अंधार असो, पाऊस असो, हातात काठी घेऊन तो निघे. ज्या ओढ्यात हडळ, ज्या वडावर मुंजा, ज्या बांधावर वेताळ असे गाव सांगे, त्याच ओढ्यातून, त्याच वडाखालून, त्याच बांधावरून तो जाई आणि सकाळी परत येई. स्मशानासाठी लाकडे त्याने वाहिली, गावची शीव त्याने राखली. भूत असते तर सर्वांत आधी त्याला दिसले असते. त्या माणसाला छळले ते भुताने नाही, जिवंत माणसांनी, दिवसाढवळ्या छळले. आणि त्या छळातून त्याला सोडविले तेही कोणा मांत्रिकाने नाही. एका माणसाच्या विद्येने व संघर्षाने सोडविले.

अशा पूर्वजांच्या नातवंडांनी मोबाईलच्या वीतभर पडद्याला भ्यावे काय?

घरी काय करावे?

त्या माउलीला जे सांगितले, तेच आपणा सर्वांना सांगतो.

एक. मुलाला 'भित्रा' म्हणून हिणवू नये, मारू नये. त्याला जवळ बसवून विचारावे की कशाची भीती वाटली. मग सिनेमा कसा बनतो ते सांगावे. आवाज कुठून घालतात, रक्त कशाचे करतात, नट घरी जाऊन जेवतो, हे समजले की निम्मी भीती जाते. जमल्यास तोच प्रसंग दिवसा, आवाज बंद करून, मोठ्या माणसाने सोबत बसून दाखवावा. आवाज गेला की भूत कसे केविलवाणे दिसते ते मूलच सांगेल.

दोन. रात्री आवाज आला तर दिवा लावून, मुलाचा हात धरून, आवाजाचे कारण शोधावे. उंदीर, मांजर, पत्रा, नळ, जे सापडेल ते त्याला दाखवावे. हेच भयभेरव सुत्ताचे घरगुती आचरण होय.

तीन. झोपण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील व मेत्त सुत्त म्हणावे. पण तो भूत पळविण्याचा मंत्र म्हणून म्हणू नये. मन शांत व्हावे, सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री वाटावी म्हणून म्हणावे. पंचशीलाचा दोरा केला तर आपण पुन्हा होतो तेथेच येऊ.

चार. मुलाला झटके येत असतील, आवाज ऐकू येत असतील, कोणी एकटे बडबडत असेल, जेवण सोडले असेल, तर सरळ सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला, गरज पडल्यास मनाच्या डॉक्टरला दाखवावे. चालू गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. अ‍ॅनेलिझेला विसरू नये.

पाच. भूत काढतो म्हणून कोणी माणसाला मारझोड करीत असेल, कोंडून ठेवीत असेल, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ देत नसेल, तर तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, तो त्यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर महाराष्ट्रात आला. प्रथम वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अशा वेळी पोलीस ठाण्यात जाण्यास भिऊ नये.

सहा. वडीलधाऱ्यांचा अपमान करू नये. सासूबाईंनी साठ वर्षे जे ऐकले ते तीन वर्षांत पुसले जाणार नाही. त्यांना दोऱ्यामागची नातीविषयीची काळजी आहे. त्या काळजीला नमस्कार करावा, आणि दोरा तेवढा बाजूस ठेवावा.

आणि सिनेमा पाहूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. मोठ्या माणसाने करमणूक म्हणून पाहावा, हसावे, दचकावे, घरी यावे. 2018 सालच्या 'स्त्री' या हिंदी सिनेमात भिंतीवर 'उद्या ये' असे लिहून चेटकिणीला परत पाठवितात. 1990 च्या दशकात कर्नाटकात पसरलेल्या अफवेत लोक खरोखरीच दारावर तसे लिहीत. सिनेमात ते पाहून हसू येते. आपल्या दारावर लिहिले तर लाज वाटली पाहिजे.

पुढच्या रविवारी ती मुलगी पुन्हा आली. आम्ही विचारले, "काय गं, भूत सापडलं का?" ती म्हणाली, "गुरुजी, माळ्यावरचा पत्रा वाजत होता. बाबांनी विटकर ठेवली वर." तिच्या मनगटावर दोरा नव्हता. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मेत्त सुत्त म्हणताना त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

स्वाध्याय (कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी)

1. 'सत्यघटनेवर आधारित' असे लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा असतो?
2. अ‍ॅमिटीव्हिलच्या गोष्टीतील खरा भाग कोणता व चढविलेला भाग कोणता?
3. अ‍ॅनेलिझेच्या घरच्यांनी कोणत्या वेळी काय निराळे केले असते तर ती वाचली असती?
4. भयभेरव सुत्तातील हरीण, मोर व वारा आपल्या घरात कोणत्या रूपाने येतात?
5. भूत मानले तर श्राद्ध न करण्याची प्रतिज्ञा कशी मोडते?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!